डॉक्टर झाल्याबद्दल अभिनंदन

ऑफरचं पत्र आलं तेव्हा मी आंघोळ करत होते, त्यामुळे ते बाबांनी उघडलं. माझ्या नावाचं पाकीट माझ्याआधी दुसऱ्यानं का उघडायचं, हा प्रश्न आमच्या घरात फक्त मला पडायचा, आणि तोही मी मनातल्या मनात विचारायचे. ओल्या केसांनी खाली आले तर बाबा किचनमध्ये हातात कागद घेऊन उभे, आणि आई गॅस बंद करून ड्रेसिंग गाऊनच्या बाहीनं डोळे पुसत होती. मला वाटलं, नागपूरला कुणीतरी गेलं.

"झालं," बाबा म्हणाले. "डॉक्टर झालीस."

दोन हजार पाचचा डिसेंबर होता. मी सतरा वर्षांची होते आणि नॉटिंगहॅममधल्या एका साध्या सरकारी शाळेत शेवटच्या वर्षाला होते. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबा सॉफ्टवेअरमध्ये, वर्क परमिटवर आलेले. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले. मेडिकलला अर्ज करायची कल्पना कुणाची होती ते आता आठवत नाही. बहुतेक माझी नव्हती, पण सहा वर्षं तेच ऐकत गेल्यावर ती माझीच झाली होती.

मी पत्र वाचलं. साउथहॅम्प्टनच्या मेडिकल स्कूलचं होतं. पहिल्या ओळीत आनंद होता. दुसऱ्या परिच्छेदात अट होती: उन्हाळ्यातल्या ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, परीक्षेत तिन्ही विषयांत ए ग्रेड, आणि केमिस्ट्रीत तर हवाच हवा. मी ती ओळ बाबांना बोटानं दाखवली.

"असं सगळ्याच पत्रांत असतं," बाबा म्हणाले. "माझ्या नोकरीच्या पत्रात पण होतं, मेडिकली फिट असाल तर म्हणून."

बाबांचं काही चुकत होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी जन्मभर एकच पद्धत पाहिली होती. आधी परीक्षा, मग मार्क, मग कॉलेजच्या व्हरांड्यात लागलेली यादी. यादीत नाव आलं की सीट तुमची. आमच्या घराण्यात यादीत नाव आलेले पहिले बाबाच, आणि ती यादी बघायला सगळी गल्ली त्यांच्याबरोबर चालत गेली होती. यादीत आलेलं नाव परत निघू शकतं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. आणि इथे तर उलटं होतं: आधी यादी, मग परीक्षा. मी एकदा समजावलं. दुसऱ्यांदा समजावलं. तिसऱ्यांदा समजवायला पाहिजे होतं, पण तोवर आईनं लेस्टरहून आणलेल्या पेढ्यांचा डबा उघडला होता आणि मी पेढा खाल्ला.

नागपूरला फोन लागला. आमचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, दोन्हीकडे. एकटीनं एकटीशी बोलणं असं काही नव्हतंच. काका, काकू आणि काकांची मुलगी, तिघं एकदम बोलत होते. काकांची मुलगी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तेव्हा दहावीत. दर रविवारी फोनवर शेवटची दोन मिनिटं तिची असत. ती मला फार मोठी समजायची, आणि मला ते आवडायचं.

"ताई, आता तू खरीची डॉक्टर?" तिनं विचारलं.

"अजून परीक्षा आहे गं," मी म्हणाले.

"ते तर राहतेच," काका मधेच म्हणाले. "आपल्या पोरीले परीक्षेचं काय!"

जानेवारीत काकांनी ईमेलनं एक फोटो पाठवला. वस्तीच्या चौकात, विहाराच्या समोर, विजेच्या दोन खांबांमध्ये फ्लेक्स बांधला होता. त्यावर मी. स्केग्नेसच्या समुद्रावर काढलेला फोटो होता तो. हातातलं आइस्क्रीम कापून टाकलं होतं, त्यामुळे माझं तोंड उगाचच उघडं दिसत होतं. गळ्यात कुणाचा तरी स्टेथोस्कोप चिकटवला होता. वर लिहिलं होतं: लंडन येथे डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! खाली शुभेच्छुक म्हणून चौदा जणांचे फोटो, त्यातले नऊ गॉगल घालून. नागपूरच्या हिशेबानं सगळं इंग्लंड म्हणजे लंडनच. पण 'होणार' नाही, 'झाल्याबद्दल'.

मी खो खो हसले. बाबांनी ऑफिसात त्याची कलर प्रिंट काढून फ्रिजवर लावली. मग आठवड्याभरानं केव्हातरी फ्रिजमधून दूध काढताना त्या 'झाल्याबद्दल'कडे नजर गेली, आणि पहिल्यांदा जरा घाम आला.

कारण खरं सांगायचं तर तोपर्यंत मी अभ्यास सोडला होता. ठरवून नाही. पत्र आल्यावर ख्रिसमसची सुट्टी लागली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मी दहा वाजेपर्यंत झोपले. आई चहा खोलीत आणून द्यायला लागली, वर "उठा डॉक्टरीणबाई" म्हणायची. जुनी घरं विकत घेऊन रंगवून विकणाऱ्या लोकांचे कार्यक्रम दुपारी टीव्हीवर लागत, ते मी एकही चुकवला नाही. घरात कुणी अभ्यासाचं विचारेना. आमच्या घरात अभ्यासाचं न विचारणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्या घरात वाढलेल्यांनाच कळेल. पण डॉक्टर झालेल्या मुलीला अभ्यासाला बस म्हणून कोण सांगणार? मला ते सुख सोडवेना. इथे ए लेव्हलचे मार्क तुकड्यातुकड्यांनी जमा होतात. काही पेपर जानेवारीतच असतात आणि त्यांचे मार्क उन्हाळ्यातल्या पेपरांत मिळवले जातात. जानेवारीतला केमिस्ट्रीचा पेपर मी बसमध्ये नोट्स चाळून दिला.

मार्चमध्ये निकाल आला. केमिस्ट्रीत डी होता. बायॉलॉजीही बी वर घसरली होती.

केमिस्ट्रीच्या बाईंनी मला लॅबमध्ये थांबवून घेतलं. त्या वेल्सच्या होत्या, ठेंगण्या, आणि रागावल्या की फार हळू बोलायच्या. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर बेरीज करून दाखवली. जानेवारीचा पेपर जूनमध्ये पुन्हा द्यायचा, बाकीचे दोन द्यायचे, आणि तिन्हीत जवळजवळ काही चुकायचं नाही. मग ए मिळेल, तोही काठावर.

"घरी माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, मिस."

"नक्की?"

"हो."

"छान. मग पुढच्या आठवड्यात पेरेंट्स इव्हनिंगला मी त्यांच्याशी बोलते."

पेरेंट्स इव्हनिंग म्हणजे आईबाबांनी शाळेत जाऊन एकेका शिक्षकासमोर पाच मिनिटं बसायचं. बाबांनी सहा वर्षांत एकही चुकवली नव्हती. लग्नातला सूट घालून जायचे आणि प्रत्येक शिक्षकाला शेवटी "एनी वीकनेस?" असं विचारायचे. त्या दिवशी घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर बसून मी खोटं तयार केलं, आणि जेवताना सांगून टाकलं.

"यंदा ज्यांना ऑफर नाही त्यांच्यासाठीच आहे."

"बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "बाकीच्यांचं काय बोलायचं?"

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं, दोन प्रश्न तरी येतील. आले असते तर मी बहुतेक रडले असते आणि सगळं तिथेच संपलं असतं. पण बाबांनी माझ्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही, आमटी वाढून घेतली. शाळेबद्दल मी जे सांगेन ते त्यांना खरं वाटायचं. मला त्यांची दया आली आणि संतापही आला, आणि संताप जास्त आला. एवढं शिकलेला माणूस, पत्रातला दुसरा परिच्छेद वाचायला काय धाड भरली होती!

तिथून पुढचे तीन महिने मी अडकले होते, आणि कशी अडकले होते ते सांगितलं तर हसायला येईल. मला अभ्यास करायचा होता आणि घरात अभ्यास करता येत नव्हता. पुस्तक उघडलं की आई दारात. "आता कशाला जीव काढतेस? झालं ना सगळं!" मग कामं निघत. हॉस्टेलला न्यायला दुलई बघायची, पातेली बघायची, कुकर इथला न्यायचा की नागपूरहून मागवायचा. शनिवारी कुणीतरी जेवायला यायचंच, आणि त्यांना भावी डॉक्टर दाखवायचीच. पोरांनी पाहुण्यांसमोर गाणं म्हणून दाखवावं तसं मला गुडघ्याच्या दुखण्यावर मत द्यावं लागे. मी जास्तच वेळ खोलीत बसले तर बाबा काळजीनं विचारायचे, "तब्येत बरी आहे ना?" अभ्यास करते म्हणाले असते तर पुढचा प्रश्न 'का' हाच होता, आणि 'का'चं उत्तर माझ्या दप्तरात तळाशी घडी घालून ठेवलं होतं.

माझ्या वर्गातली मुलं लायब्ररीत जातो सांगून शॉपिंग सेंटरला जायची. मी शॉपिंग सेंटरला जाते सांगून लायब्ररीत जायचे. गावातल्या पब्लिक लायब्ररीत वरच्या मजल्यावर रेडिएटरजवळ एक टेबल होतं, तिथे म्हातारे लोक पेपर वाचत बसत. त्यांच्यामध्ये बसून मी जुने पेपर सोडवायचे. घरी परतताना काहीतरी घेऊन जावं लागे, म्हणून औषधांच्या दुकानातून, इथे तिथे सगळंच मिळतं, हातरुमाल नाहीतर क्लिपा घ्यायचे. आई मैत्रिणींना सांगायची, पोरगी आता जरा मोकळी झाली, हिंडते फिरते, बरं वाटतं बघून. मी ते जिन्यात उभी राहून ऐकायचे आणि क्लिपांची पिशवी घेऊन वर जायचे.

सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. रोज ठरवत होते. सकाळी ठरवायचे, आज जेवताना. जेवताना नागपूरचा विषय निघायचा. काकांनी चौकात पेढे वाटले होते. कुणा आजीनं फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेतला होता. आणि काकांच्या मुलीची दहावी संपली होती. तिला खरं तर चित्रकलेचं काहीतरी करायचं होतं, पण आता ती सायन्स घेणार म्हणत होती.

"ताई, मी पण तुझ्यासारखीच," ती फोनवर म्हणाली. "बाबा म्हणाले, घरात दोन डॉक्टर पाहिजेत."

"तुला आवडतं का सायन्स?" मी विचारलं.

"आवडून जाईन," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता. आमच्या भागातले, म्हणजे मिडलंड्समधले, आमचे लोक दरवर्षी एखाद्या कम्युनिटी हॉलमध्ये जमतात. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, फोटोला हार, मेणबत्त्या, वंदना, मग भाषणं आणि मग जेवण. मला तो दिवस लहानपणापासून आवडायचा. नागपुरी रश्शाचा वास त्या हॉलच्या पडद्यांना लागायचा आणि पुढच्या आठवड्यात तिथे योगाला येणाऱ्या इंग्रज बायका तक्रार करायच्या. त्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या नंबरावर माझा सत्कार होता. शिक्षणाचं महत्त्व या विषयावर मी दोन शब्द बोलायचे होते. शिका, हे आम्हाला जन्मल्यापासून सांगितलेलं. त्या फोटोसमोर उभं राहून मी शिक्षणाबद्दल खोटं बोलणार होते. बाकी खोट्याचं मला एव्हाना काही वाटेनासं झालं होतं, पण याची लाज वाटली.

चहाच्या टेबलाशी एक मावशी भेटल्या. त्या हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, इथे वीस वर्षं झालेल्या. जयभीम घातला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "ऑफर कंडिशनल आहे ना गं? तिन्ही ए?"

चार महिन्यांत 'कंडिशनल' हा शब्द घरच्या कुणाच्या, ओळखीच्या कुणाच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

"हो," मी म्हणाले.

"जानेवारीचं कसं गेलं?"

मी चहात साखर घातली, मग पुन्हा एकदा घातली. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"माझ्या पोराची सीट अशीच गेली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एका ग्रेडनं. आम्ही पण साऱ्या गावाला सांगून बसलो होतो. दोन वर्षं तो कोणाच्या घरी आला नाही. तू बाबांना सांग. आजच सांग."

"तुम्हाला काय करायचंय मावशी?" मी म्हणाले. असंच म्हणाले, याच शब्दांत, मोठ्या माणसाला. आजही आठवलं की कान गरम होतात. त्यांनी हात काढून घेतला आणि दुसरा कप भरायला वळल्या. त्या माझ्या बाबांना सांगतील या भीतीनं मी उरलेला वेळ त्यांच्यावर नजर ठेवून होते. त्यांनी सांगितलं नाही.

माझं नाव पुकारलं गेलं. स्टेजवर शाल घातली, पुस्तक दिलं. पहिल्या रांगेत बाबा हँडीकॅम घेऊन उभे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त लाल दिवा दिसत होता. आता सांगावं, असं एक क्षणभर मनात आलं. माईकवर. मी अजून कुणी झालेले नाही, मला डी मिळालाय, एवढी दोन वाक्यं. मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं भाषण बाहेर आलं. कष्ट, जिद्द, आईवडिलांचे उपकार. टाळ्या पडल्या. ती टेप बाबांनी नागपूरला पाठवली.

जूनमधली एक गोष्ट सांगते आणि पुढे जाते. केमिस्ट्रीचा मोठा पेपर सोमवारी होता, आणि आईनं रविवारी मँचेस्टरच्या एका लग्नाला सगळे येतो म्हणून कळवून टाकलं होतं. पेपर आहे म्हटलं तर ती म्हणाली, "तो काय, फॉर्मॅलिटीचाच ना?" मी पोट दुखतंय असं सांगून घरी राहिले. आई ओव्याचं पाणी करून ठेवून गेली. ते दिवसभर बाजूला ठेवून मी गणितं सोडवली आणि संध्याकाळी सिंकमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी पेपर दिला. कसा गेला ते कुणी विचारलं नाही. पुढचे दोन महिने मी नुसती वाट पाहिली. आईनं आणलेल्या पातेल्यांची खोकी माझ्या खोलीत भिंतीला लावून ठेवली होती. अंथरुणावरून उतरताना रोज त्यांना पाय लागायचा.

निकाल ऑगस्टमधल्या एका गुरुवारी होता. शाळेत जाऊन पाकीट घ्यायचं होतं. बाबांना त्याच बाजूला गाडीचे टायर बदलायचे होते म्हणून ते सोडायला आले. ते कार पार्कमध्ये थांबले, मी आत गेले. हॉलमध्ये मुली किंचाळत होत्या, एक मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. केमिस्ट्रीच्या बाई लांबून माझ्याकडे बघत होत्या, पण जवळ आल्या नाहीत. मी पाकीट बाथरूममध्ये नेऊन उघडलं. तीन ए. केमिस्ट्रीचा अगदी काठावरचा; चार मार्क कमी पडले असते तर नव्हता. मी कमोडचं झाकण लावून त्यावर बसले आणि तोंडात बाही धरून रडले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही, डॉक्टरकीच्या शेवटच्या निकालाला धरून, झाला नाही.

गाडीत बसले तर बाबा रेडिओ ऐकत होते.

"झालं काम?" त्यांनी विचारलं. मग माझा चेहरा बघून दचकले. "काय झालं? कुणी काही बोललं का?"

"मिळाले, बाबा. तीन ए."

"मग? मिळणारच होते की. रडतेस काहून?"

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस घरी कुणाला माहीतच नव्हता. त्यांच्यासाठी तो डिसेंबरात होऊन गेला होता. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. डी, पेरेंट्स इव्हनिंगचं खोटं, लायब्ररी, पोटदुखी, चार मार्क. पत्र मोठ्यानं म्हणून दाखवलं, दुसऱ्या परिच्छेदासकट. ते मला पाठच झालं होतं.

बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, आणि त्यांनी ती परत बंद केली.

"नसते मिळाले तर?" ते म्हणाले.

"मिळालेत ना."

"नसते तर मी काय सांगितलं असतं लोकांना?"

'मी' म्हणाले ते. माझ्या टाळक्यात तिडीक गेली. पण मग त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्या ओठांवरचा रंग गेला होता. मी पाच महिने थोडी थोडी घाबरत होते. ते सगळं एकदम घाबरले होते. मुलं-मुली आईबापांच्या गळ्यात पडत गाड्यांमधून निघून गेली.

"पाच महिने एकटीच होतीस?" बाबांनी समोर काचेकडे बघतच विचारलं.

"हो."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता सुटले. मग ते म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. आईला नको. नागपूरला तर नाहीच नाही."

"हो," मी म्हणाले. मला बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं. आता निदान आम्ही दोघं होतो. आम्ही टायर बदलून घरी गेलो.

त्या रविवारी नेहमीसारखा नागपूरला फोन लागला, स्पीकरवर. शेवटची दोन मिनिटं काकांच्या मुलीची. तिचं कॉलेज सुरू होऊन महिना-दीड महिना झाला होता. शाळा मराठी माध्यमाची, आणि अकरावी सायन्स सगळं इंग्रजीत. दहावीला ती वस्तीत पहिली आली होती. ती आधी नुसतं बरं चाललंय म्हणाली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"सर फिजिक्सला काय बोलतात ते मला काहीच समजत नाही. बाकीच्या पोरी लिहून घेतात. मी फळ्यावरचं नुसतं उतरवून घेते. तुला कधी भेव वाटलं का गं? आपल्याच्यानं नाही होणार, असं?"

आई सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. तिकडे काका-काकू ऐकत असणार, हे मला माहीत होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "नीट अभ्यास केला की होतं सगळं."



"बरं, ताई," ती म्हणाली.

दोन वर्षांनी, मी साउथहॅम्प्टनला असताना, काकांचा माझ्या मोबाइलवर फोन आला. त्यांनी मला थेट असा कधी फोन केला नव्हता. बारावीचा निकाल लागला होता आणि यादीत तिचं नाव कुठेच नव्हतं. कॉलेजात जाऊन विचारल्यावर कळलं की तिनं परीक्षेचा फॉर्मच भरला नव्हता. वर्षभर ती रोज डबा घेऊन घरून निघत होती. कुठे जाऊन बसायची ते सांगत नव्हती. आता खोलीचं दार उघडत नव्हती.

"आम्हाला एका शब्दानं बोलली नाही," काका म्हणाले. "तुले काही बोलली होती का बाई?"

"नाही," मी म्हणाले.